प्लॉटच्या 'मोफत सेमिनार'ला जाऊन आलेले कोण कोण आहेत इथं?

शेंद्र्याची वाट: सकाळी भाजी चिरताना फोन. "मॅडम, लकी ड्रॉमध्ये नंबर लागलाय, जोडीनं या." मागं संभाजीनगरात जालना रोडच्या हॉटेलात असंच जोडीनं गेलो होतो, ते सगळं आठवलं. 'जमिनीतून कमाई' शिकवणार म्हणे. दोन तास नुसतं बिडकीन, डीएमआयसी (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा), समृद्धी महामार्ग. नकाशावर समृद्धी बोटाएवढी जाड लाल रेघ, अन् तिला चिकटून प्लॉट. मग प्रत्येक टेबलावर एकेक पोरगं. हे म्हणाले, घरी विचारून सांगतो. तर म्हणतो, "सर, मॅडम इथंच बसल्यात, घरी कोणाला विचारणार?" जोडीनं कशाला बोलावतात ते तेव्हा कळलं. कोणी टोकन, म्हणजे बुकिंगचे पैसे, भरलं की घंटा अन् टाळ्या. आम्ही भरेनात तसं पाणीसुद्धा विचारेना कोणी. लिहा तुमचंही.

गोदाकाठ: घंटा!! नांदेडला पण सेम. टोकन भरणारा पहिला माणूस नंतर पार्किंगमध्ये त्याच पोरांसोबत चहा प्यायलेला 😂

बीडचा बाळू: जेवायला काय होतं

शेंद्र्याची वाट: पुरीभाजी, गुलाबजाम. कूपन टेबलावरचं बोलणं झाल्यावरच.

रात्रपाळी: मी पैसे भरून गेलतो, ९९९ वाला. वाटलं सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीची जुनी कागदं तपासून केलेला) वाचायला शिकवतील, भाडेकरार, कर्जाचं गणित. दिवसभर 'माइंडसेट'. उभं राहून "मी करोडपती" ओरडायला लावलं, शेजारी परभणीचे एक रिटायर्ड गुरुजी, ते पण बिचारे ओरडायले. सर्च रिपोर्टचं विचारलं तर म्हणे ते ॲडव्हान्स बॅचला, ४५ हजार, आज भरले तर ३०. संध्याकाळी सहाला २२ वर आले. भाजीवाली तरी एवढी उतरत नाही.

तलाठ्याची लेक: आमचे अण्णा सेमिनारमध्ये उठून म्हणाले, ७/१२ दाखवा, भोगवटादार वर्ग कोणता, म्हणजे जमीन विकायला मोकळी का सरकारी बंधनातली, ते बघू. "काका, एनए, म्हणजे बिगरशेती, प्रस्तावित आहे." अण्णा म्हणाले, प्रस्तावित तर माझ्या नातवाचं लग्न पण आहे, तो तिसरीत आहे. माईक काढून घेतला लगेच. गंमत सोडा, आपल्याकडं मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी लई. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली, ती साध्या जमिनीसारखी विकता येत नाही. लातूरच्या चुलत्यांना तसलीच दाखवलती. हॉलमध्ये फक्त ड्रोनचा व्हिडिओ.

मोंढा नाका: रेरा (घर-प्लॉटच्या स्कीमवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नंबर मागा. रेरात नोंदवायला लागणारी स्कीम असली तर नोंदणीच्या आधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. अन् नोंदवलेल्या कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत.

सोनपेठची सून: आम्हाला नंबर दिलता. रेराच्या वेबसाइटवर टाकला तर दुसऱ्याच गावची स्कीम.

मामंजींचं सांगते. एसटीतून रिटायर झाले, ग्रॅच्युइटी आलेली. सेमिनारहून गाडीत बसवून थेट साइटवर नेलं, येताना एक गुंठा घेऊन आले. १०० च्या बाँडवर इसार पावती, बास. खरेदीखत म्हटलं की "पुढच्या महिन्यात". तुकडेबंदीत (शेतीचे बारके तुकडे विकण्यावरचा कायदा) अडकतंय हे आम्हाला रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेरच्या टायपिस्टनं सांगितलं. आता ते त्या रस्त्यानं बसनं पण जात नाहीत.

शेंद्र्याची वाट: अगं बाई. पैसे?

सोनपेठची सून: थोडे आले. ऑफिसला कुलूप आहे. वकील बघायलेत.

गोदाकाठ: इसार पावती, बँकेतून दिलेल्या पैशाच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं जपून ठेवा ताई.

एनए_किंग: करमाडजवळ क्लिअर टायटल प्लॉट. ओन्ली जेन्युइन बायर. डीएम

बीडचा बाळू: घ्या, इथं पण आले 🙏 जेवण आहे का भाऊ

तलाठ्याची लेक: 😂😂 ७/१२ टाका इथंच

रात्रपाळी: गेला पळून.

सोनपेठची सून: ताई, वर्ग २ ची (बंधनातली) वर्ग १ (मोकळी) होते का? जमीन माहेरची आहे, परळीकडं.

तलाठ्याची लेक: कशामुळं वर्ग २ लागलं त्यावर आहे. ७/१२ वरच्या इतर हक्कात काय लिहिलंय? फेरफार नंबर पण बघा. वेगळा धागा काढा ना.

सोनपेठची सून: काढते. दळण आणायचंय आधी, गिरणी लाइट असेपर्यंतच चालू.