चुकली म्हणजे येत नाही, असं नाही

मूल कुठे चुकतं यावरून अभ्यासाच्या ॲपला त्याचं कच्चं-पक्कं बरोबर कळतं, असं म्हणतात. अर्धंच पटलं. १९९० च्या दशकात कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी मांडलेल्या 'बेझियन नॉलेज ट्रेसिंग'मध्येच, म्हणजे उत्तरांवरून मुलाला काय येतं याचा अंदाज बांधणाऱ्या गणिती मॉडेलमध्येच, प्रत्येक कौशल्यामागे चार आकडे आहेत: आधीपासून येत असण्याची शक्यता, एका सरावात शिकण्याची, न येता अंदाजाने जमण्याची आणि येत असूनही चुकण्याची. म्हणजे चूक झाली की लगेच 'येत नाही' असा शिक्का बसत नाही, शक्यता फक्त खाली येते. गंमत म्हणजे मूळ मॉडेलमध्ये विसरणं धरलेलंच नाही. एकदा आलं की आलं! गणपतीच्या सुट्टीनंतर कोणत्याही मास्तरांना विचारा.

पण आमच्याकडे गुहागरला घोळ त्याच्याही आधी होतो. भाचीच्या मोबाइलवर दुपारी तिचा धाकटा भाऊ बसतो, खातं एकच. ती सातवीत, तो चौथीत. तिने सकाळी अपूर्णांक धडाधड सोडवायचे आणि दुपारी ह्याने वाट्टेल ते पर्याय दाबायचे. संध्याकाळी ॲप तिला परत पाव-अर्ध्याची चित्रं दाखवतं. ''मामा, ह्या ॲपला वाटतं मी ढ आहे,'' म्हणाली. शिवाय पावसात रेंज गेली की उत्तर पोचायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं 'विचार करायला लागलेला वेळ' म्हणून धरत असतील, तर संपलंच. मी शेवटी दोघांची खाती वेगळी केली. महिन्याभरात तिला त्रैराशिकं यायला लागली.