कुंपणाशिवाय शिकार अपुरी
हवाई बेटांवर स्थानिकांना रानडुकरांच्या शिकारीची पूर्ण मोकळीक दिली की जंगलात डुकरांना रोखणाऱ्या कुंपणांचा खर्च टळेल, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. शिकारी साहजिकच वाटेलगतच्या रानात जातात. डुकरे मात्र आतल्या दुर्गम, ओल्या जंगलात वृक्षनेच्यांची (झाडासारख्या उंच वाढणाऱ्या नेच्यांची) खोडे फोडून पिठूळ गर खातात, त्या पोकळीत पावसाचे पाणी साचते, आणि तिथे वाढणारे, १८२६ च्या सुमारास जहाजातून आलेले क्युलेक्स डास पक्ष्यांचा हिवताप पसरवतात. हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात आधी कुंपण घालून मग आतली डुकरे हटवल्यावरच झाडोरा सावरू लागला. डुकरे पकडायला लावलेले फासे क्रूर असतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. कुंपणाबाहेरचे रान पिढीजात शिकाऱ्यांसाठी खुले ठेवण्यासही माझी हरकत नाही.