कोलंबसला नुसते ‘कमिन्सचे गाव’ म्हणून हिणवू नये

कोथरूडकर:
अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले कोलंबस हे एका कंपनीचे गाव आहे, तिथे घर घेणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, त्यापेक्षा इंडियानापोलिसला राहून रोज ये-जा करावी, हा काल इथे दिलेला सल्ला वाचून राहवले नाही. इंजिने बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ पासून तिथे पाय रोवून आहे आणि १९६२ मध्ये तिने किर्लोस्करांबरोबर पुण्यात काम सुरू केले, म्हणून तर आपली इतकी मंडळी तिथे पोहोचली. शिवाय टोयोटाच्या फोर्कलिफ्ट तिथेच बनतात. पन्नास हजार वस्तीच्या गावाने आणखी काय द्यावे?

साठदिवस:
दुसरी नोकरी द्यावी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस उरतात. मला एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने काढले, तेव्हा मी घर विकायला काढले. पण घर बघायला येणारेही याच धंद्यातले होते आणि त्यांच्याकडेही भरती थांबलेली होती. नोकरी आणि घराची किंमत एकदमच पडते, हे तुमच्या हिशेबात कुठे आहे?

जुनारहिवासी:
तो दोष व्हिसाच्या कायद्याचा आहे, गावाचा नाही. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने कंपनीच्या फाउंडेशनने शाळा आणि अग्निशमन केंद्रांच्या वास्तुविशारदांचे शुल्क भरले. एवढे कुठली कंपनी करते?

करदाता:
शुल्क त्यांनी भरले, बांधकामाचा खर्च मात्र करदात्यांनीच सोसला. बाहेरचे अभियंते या आडगावी टिकावेत, हा त्यामागचा व्यवहार होता. त्याला दानधर्म म्हणू नये. देखणी वास्तू म्हणजे चालती संस्था नव्हे. एरो सारिनेन यांनी आराखडा केलेले नॉर्थ ख्रिश्चन चर्च जगभर नावाजले गेले, तरी तिथल्या उपासकांची मंडळी २०२२ मध्ये विसर्जित झालीच.

जुनारहिवासी:
आपण तिथे एक हिवाळा तरी काढला आहे का? आय. एम. पेई यांनी आराखडा केलेल्या ग्रंथालयासमोर शिल्पकार हेन्री मूर यांची ब्राँझची प्रचंड कमान आहे; तिच्याखालून धावत माझी मुलगी पुस्तके बदलायला जात असे. व्यवहार होता हे मान्य करतो, पण त्या व्यवहारातून साऱ्या गावाला ग्रंथालय मिळाले. आमच्याकडे कित्येक धनाढ्य कंपन्या गावाला साधा पदपथही देत नाहीत.

साठदिवस:
ग्रंथालय पाहून बँक हप्ता माफ करत नाही. मिलर घराण्याशी जोडलेली अर्विन युनियन बँकसुद्धा २००९ मध्ये नियामकांनी बंद केली. जुनी, मानाची संस्था आहे एवढ्यावर विसंबून तीस वर्षांचे कर्ज काढू नये, इतकेच मी सांगतो आहे.

कोथरूडकर:
बरे, व्हिसावर असलेल्याने भाड्याने राहावे, हे नाइलाजाने मान्य करतो. ग्रीन कार्ड झालेल्यांना तरी हा सल्ला देऊन घाबरवू नका.

साठदिवस:
भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे, हे आपणही जाणता. तोवर मुले मोठी होतात. त्यांना कुठली शाळा आपली म्हणून सांगायची, तेही सांगा.