मदत हवी आहे: अंबाडा तासाभरात सुटतो, शनिवारी समारंभ आहे

पळसपान:
शनिवारी संध्याकाळी एक औपचारिक समारंभ आहे. केस वर बांधायचेत, मोकळे सोडायचे नाहीत, हे पक्कं. पण अंबाडा कितीही नीट घातला तरी तासाभरात ओघळून मानेवर येतो. आकडे भरपूर लावते, वरून स्प्रे मारते, उपयोग शून्य. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय. त्यातल्या बाया तीन वेळा हात फिरवतात की झालं! फ्रेंच ट्विस्ट (मागे उभी घडी घालून गुंडाळलेले केस) करू की खाली मानेवर साधा अंबाडा? आणि टिकवायचा कसा? पार्लर सुचवू नका, स्वतःच करायचंय. जरा लवकर सांगा.

शंकासूर:
केस किती लांब? दाट की विरळ? सरळ की कुरळे? पोशाखाचा गळा कसा आहे? समारंभ किती वेळ चालणार? यातलं काहीच लिहिलेलं नाहीत, मग सांगणार काय?

पळसपान:
नॉर्मल केस आहेत हो. खांद्याच्या खाली येतात. गळा बंद आहे, छोटी उभी कॉलर. चार तास तरी टिकायला हवं.

सागरगोटा:
बंद गळा असेल तर मानेवरचा अंबाडा बाद. कॉलर आणि अंबाडा एकमेकांना ढकलत राहतात आणि मान दिसेनाशी होते. सागरवेणी घालून टोक आत दुमडा, काम झालं. मी प्रत्येक कार्यक्रमाला हेच करते, कधी सुटली नाही.

नीलमोहर:
सागरवेणी शाळेतल्या मुलींना शोभते. औपचारिक म्हणताय तर ट्विस्टच. त्याची ती उभी घडी पाठमोरी इतकी छान दिसते.

सागरगोटा:
शाळेतल्या मुलींना?? जरा सैल घालून कडा बोटांनी ओढून रुंद करा, मग बोला.

आकडेवाली:
केशरचना कुठली ते नंतर बघू. 'भरपूर आकडे' हे वाचूनच रोग कळला. आकडा नुसता खुपसून अंबाडा धरत नाही. आधी त्याची टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या बाजूला रोखून धरायची, कडेची एक बारीक बट त्यात उचलायची, तिथेच टाळूवरचे थोडे केसही घ्यायचे आणि मग आकडा उलटा फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायचा. हाताला विरोध जाणवला पाहिजे. सहज आत गेला तर तो तितक्याच सहज बाहेर येणार. असे पाच-सहा आकडे चारी बाजूंनी लागले की डोकं झटकून बघा. चपट्या काळ्या पिनांची लहरी बाजू डोक्याकडे ठेवा, गुळगुळीत बाजू वर. बहुतेक जणी उलटं लावतात. जिथे जोर येतो तिथे दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या.

पळसपान:
लहरी बाजू खाली? मी वर ठेवत होते, दिसायला ती बरी वाटते. करून बघते.

कडूनिंब:
केस घट्ट बांधायची ही फॅशनच घातक आहे. मुळं ओढली जातात, कपाळावरची रेषा मागे सरकते, पुढे टक्कल पडतं. वैद्यकात याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. रोज रात्री कोमट तेलाने मालिश करा, बोटांची टोकं वापरा, नखं नकोत. केस मोकळे ठेवा, नैसर्गिक सौंदर्य तेच खरं.

विंगेतून:
ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षं ओढून बांधणाऱ्यांचं होतं हो. एका संध्याकाळीने कोणाला टक्कल पडत नाही. आणि समारंभाआधी तेल अजिबात लावू नका, आकडा ठरणारच नाही. तेल हवं तर रविवारी लावा.

कडूनिंब:
घट्ट बांधलं की डोकं दुखतं की नाही, एवढंच सांगा.

विंगेतून:
दुखतं. म्हणून तर घट्ट कुठे असावं आणि सैल कुठे, हे कळलं पाहिजे. पकड अंबाड्याच्या पायथ्याशी हवी, कपाळापाशी नको. पळसपान, थर कापलेत का केसांत? आणि स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन असलं केस सरळ-गुळगुळीत करायचं काही?

पळसपान:
लेअर्स आहेत, ते काय हल्ली सगळ्यांनाच असतात. स्मूदनिंग गेल्या वर्षी केलंय. त्याचा बांधण्याशी काय संबंध?

विंगेतून:
सगळा संबंध तोच! केसावर बाहेरून खवल्यांसारखा थर असतो. स्मूदनिंगनंतर केस सरळसोट होतात आणि खवले सपाट बसल्यामुळे गुळगुळीत लागतात. एकावर एक अडकत नाहीत. त्यात लेअर्स, म्हणजे वरच्या आखूड बटा अंबाड्यापर्यंत पोचतच नाहीत, मधूनच निसटतात. नाटकात आमच्याकडे असे केस आले की आधी खडबडीत करून घेतो. धुवायचे ते आदल्या दिवशी, आणि कंडिशनर फक्त टोकांना. बांधण्याआधी मुळांशी ड्राय शाम्पू (पाण्याशिवाय वापरायचा) किंवा टेक्स्चर पावडर (केस खरखरीत करणारी) टाकून बोटांनी चोळा. मग जिथे अंबाडा बसणार तिथे मुळाजवळ उलटा कंगवा फिरवून थोडा गुंता करा, वरून दिसणार नाही असा. स्प्रे मारायचा तो आकड्यावर आणि कंगव्यावर, लावण्याआधी. सगळं झाल्यावर वरून मारलेला स्प्रे फक्त पापुद्रा धरतो.

नीलमोहर:
उलट्या कंगव्याने केस तुटतात.

विंगेतून:
टोकाकडून मुळाकडे ओरबाडत नेला तर तुटतात. मुळाजवळ दोन बोटं अंतरात हलकेच दाबायचा असतो. आणि सोडवताना टोकापासून वर या.

आकडेवाली:
माझ्याकडे आणखी सोपं आहे. जिथे अंबाडा हवा तिथल्या केसांची बोटभर जाडीची तिपेडी वेणी घाला, गोल गुंडाळा, पिना लावून टाळूला पक्की करा. ही झाली उशी. बाकीचे केस तिच्यावर गुंडाळायचे आणि आकडे त्या उशीत रुतवायचे. गुळगुळीत केसांना दुसरा इलाज नाही.

सागरगोटा:
म्हणजे शेवटी वेणीच. मी मघापासून काय सांगतेय?

जुनाट:
एक गंमत सांगतो. बीहाइव्ह म्हणून जी उंच केशरचना प्रसिद्ध झाली, ती १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट यांनी केली, केशभूषेच्या एका मासिकासाठी. मुळापाशी भरपूर उलटा कंगवा आणि वरून गुळगुळीत थर, तत्त्व हेच.

शंकासूर:
त्याचा इथे काय संबंध? बाईंना शनिवारी जायचंय.

जुनाट:
संबंध आहे, पुढचं ऐका. प्राचीन रोमन बायकांचे पुतळे बघितलेत? डोक्यावर काय डोंगर रचलेले असतात! विद्वान म्हणायचे, हे टोप असणार, आकड्यांनी एवढं उभं राहणं शक्य नाही. जेनेट स्टीफन्स नावाच्या बाल्टिमोरच्या केशभूषाकार आहेत. त्यांनी हे केस खऱ्या डोक्यांवर बांधून बघितले. हवी तशी वेणी वळवायची आणि सुईदोऱ्याने केसांनाच केस शिवून टाकायचे. २००८ साली त्यांचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा पळसपान, तुम्ही शिवून टाका. सुटण्याचा प्रश्नच मिटला.

नीलमोहर:
😂 डोकं शिवा म्हणे.

विंगेतून:
हसू नका. आम्ही नाचाच्या कार्यक्रमांत हे करतो. लोकरीचं विणकाम जोडायची बोथट टोकाची सुई मिळते ना, ती, आणि केसांच्या रंगाशी मिळताजुळता जाड सुती दोरा. आकडेवाली म्हणतात ती वेणीची उशी करायची आणि अंबाड्याची कड त्या वेणीला शिवायची, गोल फिरत. टाळूला हात लागत नाही. गिरक्या घेतल्या तरी हलत नाही.

कडूनिंब:
डोक्यात सुई! धन्य आहे.

शंकासूर:
पळसपान, अजून एक. त्या चार तासांत तुम्ही नक्की काय करणार? खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार की उठबस आहे?

पळसपान:
सूत्रसंचालन आहे. उभीच असणार. तो कानावरून लावायचा माईक देणारेत.

विंगेतून:
अहो!! हे आत्ता सांगताय?

पळसपान:
मी केसांचं विचारलंय, माईकचं नाही.

विंगेतून:
त्या माईकची तार कानांमागून जाते आणि पट्टी बरोबर मानेच्या वर, केसांच्या शेवटच्या रेषेपाशी टेकते. तिथे अंबाडा असेल तर तो पट्टीला वर ढकलणार, पट्टी माईकला ढकलणार आणि तुमच्या तोंडापुढचा माईक गालावर जाणार. आवाज एकदा मोठा, एकदा बारीक. ध्वनीवाला तिकडून हातवारे करत बसेल. म्हणून खालचा अंबाडा दोन्ही कारणांनी बाद, कॉलरमुळे आणि माईकमुळे. डोक्याच्या मागे हाताला जे हाड लागतं, त्याच्या वर अंबाडा बसवा. हाडाच्या खाली उतार आहे, तिथे सगळं आपल्या वजनानेच घसरतं. वर त्याला बूड मिळतं.

नीलमोहर:
मग ट्विस्ट का नको? तो तर उभा असतो, पट्टी खालून जाईल.

आकडेवाली:
ट्विस्टची सुरुवात मानेपासूनच होते. आणि लेअर्सवाल्या गुळगुळीत केसांचा ट्विस्ट म्हणजे शिवणीतून बाहेर डोकावणारी टोकंच टोकं. तो एकसारख्या लांबीच्या केसांना द्या. मुळात लांबी पुरत नसेल तर गंगावन लावून मोठा अंबाडा करता येतो, पण चार तास उभं राहायचंय, उगाच वजन कशाला?

सागरगोटा:
हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाकडे तिरकी रेषा न्या, ती मागे जिथे पोचते तिथे अंबाडा बहुतेक चेहऱ्यांना छान दिसतो. त्याहून वर गेलात की नर्तकी, खाली आलात की दमलेल्या. पुढून कपाळावर चापून बसवू नका, टाळूवर थोडी उंची ठेवा.

विंगेतून:
मान्य, पण कानावर बटा सोडू नका, सुंदर दिसत असल्या तरी. माईकच्या कांडीत अडकतात. लोंबते डूलही नकोत, कांडीवर आपटून टिकटिक ऐकू येते. स्प्रे जे काय मारायचं ते माईक लावण्याआधी मारा. माईकच्या तोंडावरच्या स्पंजात तो बसला तर तुम्हाला माईक देणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. चष्मा आहे?

पळसपान:
आहे. आता रक्तगटही विचारा.

विंगेतून:
चष्म्याची काडी, माईकची तार आणि पिना, तिन्ही कानामागे गर्दी करतात आणि मग दुखतं. कानामागे पिना लावूच नका. त्या बाजूचे केस मागे ओढून उशीतच खोचा. आधी केस, मग चष्मा, शेवटी माईक. आणि तालमीला हे तिन्ही घालून बघा, नुसते केस नको.

धूमकेतू:
माझ्या मते सरळ बॉयकट करावा. मी दहावीपासून करतेय. पिना नाहीत, स्प्रे नाही, काही नाही.

शंकासूर:
शनिवारपर्यंत वाढणार नाहीत तेवढं लक्षात घ्या.

नीलमोहर:
कर्ल करून मग अंबाडा केला तर? कुरळ्या केसांना पकड जास्त असते असं वाचलंय.

विंगेतून:
असते. पण प्रत्येक वळण गार होईपर्यंत पिनेने धरून ठेवायचं. उष्णतेने केसांचा आकार धरून ठेवणारे आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. गरम असतानाच सोडलं तर वळण उतरतं. हवा दमट असेल तर गार करूनही उतरतं, कारण पाणी तेच बंध पुन्हा सोडवतं. स्मूदनिंगच्या केसांना त्यातून फार मिळत नाही. आधीच रसायन झालेल्या केसांवर आणखी उष्णता कशाला? केलंत तर उष्णतारोधक लावून, कमी तापमानावर.

पळसपान:
काल रात्री तालीम झाली. वेणीची उशी, वर अंबाडा, आकडे उलटे फिरवून. माईक लावला. दीड-दोन तास हलला नाही. फक्त एका बाजूने, जिथे लेअर आखूड आहे, तिथली बट सारखी निसटत होती. तिथे काय करू? अजून पिना लावल्या तर दुखतंय.

आकडेवाली:
जुन्या टूथब्रशवर स्प्रे घ्या, बट मागे बसवा, वाळेपर्यंत बोटाने धरून ठेवा. पिना नकोत.

जुनाट:
किंवा शिवा.

विंगेतून:
या वेळी जुनाटांशी सहमत. ती एक बट शेजारच्या जाड बटेला दोन टाक्यांनी शिवून टाका. वेळ लागत नाही. मदतीला कोणी असेल तर बरं, स्वतःच्या डोक्यामागे सुई दिसत नाही.

कडूनिंब:
मी अजूनही तेलच सांगेन.

पळसपान:
बहिणीला बसवते सुई घेऊन, ती खूश होईल. रात्री तो दोरा काढायचा कसा? अंधारात ओढत बसायची वेळ नको.

विंगेतून:
शिवताना शेवटचं टोक लांब सोडा आणि अंबाड्याखाली लपवा, शोधायला सोपं. दोरा केसांपेक्षा एक छटा वेगळा घ्या, म्हणजे तोडताना केस आणि दोरा ओळखू येतील. शिवण उसवायचं आकडीवजा हत्यार असेल तर उत्तम, नाहीतर नखं कापायची छोटी कात्री, टोक वर करून. आधी टाके, मग आकडे, शेवटी वेणीची उशी. हा क्रम उलटा केलात तर सगळं एका गाठीत येईल.