बॉबी डॅरिन : अष्टपैलू गायक, की 'एक ना धड भाराभर चिंध्या'?

स्वरयात्री (धागाकर्ता) :

बॉबी डॅरिन या अमेरिकन गायकाविषयी एक मत वारंवार वाचायला मिळते. ते असे की, हा माणूस रॉक अँड रोल, स्विंग, कंट्री, लोकसंगीत असे सगळेच सफाईने गायला, पण कशातच टिकला नाही, आणि म्हणून फ्रँक सिनात्रा किंवा रे चार्ल्स यांच्या पंक्तीला त्याला बसवता येत नाही. हे मत मला मान्य नाही. डॅरिन मुळात नटाच्या वृत्तीचा गायक होता, प्रत्येक गाणे त्याच्यासाठी एक भूमिका होती, आणि जन्मभर एकच भूमिका का केली नाहीस असे आपण नटाला विचारत नाही, तर गायकाला तरी का विचारावे?

ज्यांनी त्याला फारसे ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉल्डन रॉबर्ट कॅसोटो हे त्याचे मूळ नाव, जन्म १४ मे १९३६, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, बेताच्या परिस्थितीतील इटालियन वंशाच्या कुटुंबात. १९५८ मध्ये 'स्प्लिश स्प्लॅश' या थिल्लर म्हणता येईल अशा, पण झकास गाण्याने तो पोराटोरांचा लाडका झाला. पुढच्या वर्षी स्वतः लिहिलेल्या 'ड्रीम लव्हर'ने अमेरिकेत दुसरा आणि ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. आणि त्याच वर्षी 'मॅक द नाइफ'ने बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ९ आठवडे पहिले स्थान राखून त्याला दोन ग्रॅमी मिळवून दिले. त्यानंतर जॉनी मर्सरबरोबर युगुलगीतांची तबकडी, रे चार्ल्सच्या गाण्यांची तबकडी, कंट्री, लोकगीते आणि शेवटी निषेधगीतेही झाली. 'कॅप्टन न्यूमन, एम.डी.' या १९६३ च्या चित्रपटासाठी त्याला सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते, हेही माझ्या नटाच्या मुद्द्याला धरूनच आहे.

सडेतोड :

नटाची उपमा ऐकायला छान आहे, पण ती डॅरिनला फार स्वस्तात सोडून देते. त्याच्या कारकिर्दीच्या तारखा एका ओळीत मांडून पाहा. लॉनी डोनेगनचे 'रॉक आयलंड लाइन' १९५६ मध्ये अमेरिकेत गाजले आणि त्याच वर्षी डॅरिनने तेच गाणे डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. रे चार्ल्सने १९६२ मध्ये कंट्री गाण्यांना हात घालून सगळ्यांना चकित केले आणि १९६३ मध्ये डॅरिनचे कंट्री ढंगाचे गाणे तिसऱ्या क्रमांकावर होते. लोकगीतांची लाट आली तेव्हा त्याच्या लोकगीतांच्या तबकड्या आल्या. टिम हार्डिनसारखी हळव्या आवाजाची गीतकार मंडळी पुढे आली तेव्हा, १९६६ मध्ये, त्याने हार्डिनचेच 'इफ आय वर अ कारपेंटर' गाऊन आठवा क्रमांक मिळवला. याला भूमिका म्हणायचे असेल तर म्हणा. मी याला वारा येईल तशी पाठ देणे म्हणतो.

सिनात्रानेही काळाशी जुळवून घेतले, पण त्याच्या दारात गाणे आले की ते सिनात्राचे होई. डॅरिन गाण्याच्या दारात जाऊन गाण्यासारखा होत असे. दोन्हीत कौशल्य आहे, हे मान्य. पण पहिल्याला आपण शैली म्हणतो आणि दुसऱ्याला नक्कल.

खर्जातला षड्ज :

सडेतोड यांच्या तारखा बरोबर आहेत, पण त्यांनी सोयीस्कररीत्या एक तारीख वगळली आहे, आणि ती नेमकी सर्वांत महत्त्वाची आहे. 'मॅक द नाइफ' १९ डिसेंबर १९५८ रोजी ध्वनिमुद्रित झाले. त्या वेळी डॅरिन बावीस वर्षांचा होता आणि त्याचा श्रोतृवर्ग शाळकरी मुलामुलींचा होता. बर्लिनमध्ये १९२८ साली रंगभूमीवर आलेल्या नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या संगीतिकेतील, एका खुन्याच्या गुन्ह्यांची जंत्री सांगणारे गाणे त्या श्रोत्यांपुढे ठेवणे म्हणजे वाऱ्याला पाठ देणे नव्हे. ते वाऱ्याच्या तोंडाला जाणे होते. 'अमेरिकन बँडस्टँड' या तरुणांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या सूत्रधाराने, डिक क्लार्कने, हे करू नकोस असा सल्ला दिला होता, असे सर्वत्र नमूद आहे. लुई आर्मस्ट्राँगने ते आधी गायले होते हे खरे, पण आर्मस्ट्राँगचा श्रोता वेगळा आणि ढंगही वेगळा.

आता नक्कल या आक्षेपाविषयी. माझ्याकडे पेटी आहे, म्हणून हे गाणे मी पेटीवर लावून पाहिले, आणि इथे इतरांनीही पाहावे असे सुचवतो. सुरुवात काळी पाचमध्ये होते. साथ अगदी कमी, डॅरिनचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, जणू पानाच्या ठेल्यावर कुणी गावातली बातमी सांगतो आहे. मग पट्टी अर्ध्या स्वराने चढते, पुन्हा चढते, असे एकूण पाच वेळा होते आणि गाणे काळी दोनमध्ये संपते. ब्रास वाद्ये टप्प्याटप्प्याने आत येतात. कथेतील खुनांची संख्या आणि गाण्याची पट्टी दोन्ही वाढत जातात, पण गायकाचा सूर मात्र निर्ढावलेलाच राहतो, उलट त्याला गंमत वाटू लागलेली असते. रिचर्ड वेसच्या संयोजनाला त्याचे श्रेय आहेच. पण तालाच्या किंचित मागे राहून शब्द टाकायचा आणि ऐन वेळी समेवर यायचे, ही डॅरिनची स्वतःची चाल आहे. तीच चाल 'बियाँड द सी'मध्ये आहे, तीच 'थिंग्ज'मध्ये आहे, आणि कान देऊन ऐकले तर 'कारपेंटर'मध्येही आहे, फक्त तिथे आवाज खाली आणलेला आहे. कपडे बदलले, चालणे तेच राहिले.

अबोली :

संगीतातले मला इतके कळत नाही, पण या चर्चेत त्याच्या आजाराचा उल्लेख कुणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप आला आणि हृदय कायमचे अधू झाले. हा मुलगा फार जगणार नाही असे डॉक्टर सांगत असल्याचे त्याच्या कानावर पडले होते. ज्याला आपले आयुष्य थोडे आहे हे कळत्या वयापासून ठाऊक आहे, तो एका प्रकारात पंधरा वर्षे मुरत बसणार नाही, त्याला सगळे आजच करून पाहायचे असेल. ज्याला सडेतोड धरसोड म्हणतात ती मला घाई वाटते, आणि त्या घाईला कारण होते.

सडेतोड :

अबोलीताई, आजाराची वस्तुस्थिती मी नाकारत नाही, परंतु तिचा असा सरसकट उपयोग मला पटत नाही. आजारी माणूस घाईत असतो हे खरे धरले, तरी घाईत असलेला माणूस एकाच गोष्टीत जीव ओतू शकतो, हेही तितकेच खरे आहे. डॅरिन धंद्यातला माणूस होता, हे आपण विसरतो. त्याने डॉन कर्शनरबरोबर जाहिरातींची गाणी लिहिण्यापासून सुरुवात केली. त्याच्या तबकड्या काढणारी ॲटको कंपनी आपल्याला काढून टाकेल या धास्तीने त्याने दुसऱ्या कंपनीसाठी टोपणनावाने ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. पुढे त्याने स्वतः गीत-प्रकाशनाचा व्यवसाय केला, आणि वेन न्यूटनच्या आवाजातील 'डांकं शोएन' लोकांपर्यंत पोहोचण्यामागेही त्याचाच हात होता. बाजार कुठे चालला आहे हे त्याला इतरांआधी कळत असे. यात दोष नाही. दोष तेव्हा येतो, जेव्हा या व्यापारी शहाणपणाला आपण कलेची तळमळ किंवा मृत्यूची छाया अशी भारदस्त नावे देतो.

चौकस :

एक छोटी भर. हार्डिनच्या उल्लेखावरून आठवले की, गायक म्हणून हार्डिनचे एकच गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत आले, ते १९६९ मधील 'सिंपल साँग ऑफ फ्रीडम', आणि ते लिहिले होते डॅरिनने. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, तेव्हा नक्कल हा शब्द थोडा जपून वापरावा.

स्वरयात्री :

चौकस यांचे आभार. हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता.

सडेतोड, तुमच्या व्यापारी शहाणपणाच्या सिद्धांताची खरी परीक्षा १९६८ नंतर होते. तिथपर्यंत मी तुमच्याशी निम्मा सहमत होऊ शकतो, त्यापुढे मात्र नाही. त्या वर्षी डॅरिन अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या रॉबर्ट केनेडींच्या प्रचारात होता आणि लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या रात्री तो तिथेच होता. त्याच वर्षी त्याला कळले की, जिला आपण बहीण समजत आलो ती नीना आपली आई आहे आणि जिला आई समजलो ती आजी होती. एका वर्षात एवढे सोसल्यावर त्याने काय केले, तर स्वतःची डायरेक्शन नावाची कंपनी काढली आणि पहिल्या तबकडीला आपले जन्मनाव दिले. गाणी सगळी स्वतःची, त्यात केनेडींच्या दफनविधीवरचे एक. टोप काढला, टक्सेडो काढला, डेनिम घातले, 'बॉब डॅरिन' असे नाव लावले आणि बिग सरच्या किनाऱ्यावर एका ट्रेलरमध्ये राहायला गेला. लास व्हेगासच्या प्रेक्षकांना 'मॅक द नाइफ' हवे होते. त्यांना तो निषेधगीते ऐकवू लागला. ते रागावले यात नवल नाही.

याहून बोलका प्रसंग जानेवारी १९६९ चा आहे. आर्कान्सामधील एका तुरुंगाच्या शेतात कैद्यांचे सांगाडे सापडल्याच्या बातमीवर त्याने 'लाँग लाइन रायडर' हे गाणे लिहिले होते आणि ते जॅकी ग्लीसनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायचे ठरले होते. सीबीएस वाहिनीने निवडणुकीच्या वर्षाचा उल्लेख असलेली ओळ गाळायला सांगितली. डॅरिन उठून निघून गेला. एक ओळ गाळली असती तर कोट्यवधी लोकांसमोर गाणे पोहोचले असते, आणि ज्याला बाजार कळतो त्याला हे कळत नव्हते असे तुम्हीही म्हणणार नाही.

सडेतोड :

ग्लीसन कार्यक्रमाचा प्रसंग मी नजरेआड केला होता असे नाही. तो माझ्या मांडणीला अडचणीचा आहे हे उघड आहे. तिथे त्याने तोटा पत्करला. पण त्यापुढची पायरीही पाहा. हा डेनिमचा काळ किती टिकला? तबकड्या विकल्या गेल्या नाहीत, आणि लवकरच तो पुन्हा टक्सेडो घालून व्हेगासच्या मंचावर उभा होता. १९७१ मध्ये त्याने मोटाऊन कंपनीशी करार केला, १९७३ मध्ये एनबीसीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम केला, आणि त्यात लोकांना हवे ते सगळे दिले. विश्वास इतका पक्का होता तर परत का फिरला?

खर्जातला षड्ज :

परत फिरला तो रिकाम्या हाताने नाही, हे तुम्ही लक्षात घेत नाही. लास व्हेगासच्या डेझर्ट इन हॉटेलात १९७१ मध्ये केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्याच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये बाहेर आले. त्यात 'मॅक द नाइफ' आहे, 'कारपेंटर' आहे, बीटल्सची गाणी आहेत आणि 'सिंपल साँग ऑफ फ्रीडम'ही आहे. टक्सेडोच्या श्रोत्यांना त्याने डेनिमचे गाणे ऐकवले, आणि या वेळी त्यांनी ते ऐकून घेतले. १९६९ मध्ये त्याने ते करून पाहिले तेव्हा दोघांपैकी एकाची निवड करा असा त्याचा आविर्भाव होता. १९७१ मध्ये तो आविर्भाव गेला होता. एकाच संध्याकाळी या सगळ्या रंगांतून जाताना आवाज कुठेही परका वाटत नाही. मूळ धाग्यातील नटाच्या मुद्द्याला माझी हरकत एवढीच आहे की, नट भूमिका संपली की ती उतरवून ठेवतो; डॅरिनने एकही उतरवली नाही, तो त्या साठवत गेला.

अबोली :

आणि त्याच वर्षी त्याच्या हृदयात कृत्रिम झडपा बसवण्यात आल्या, हेही लिहायला हवे. अखेरच्या काळात मंचावरून आत आल्यावर त्याला प्राणवायू द्यावा लागत असे. १९७३ मध्ये दातांच्या उपचाराआधी घ्यायची प्रतिजैविके त्याने घेतली नाहीत, रक्तात संसर्ग पसरला आणि २० डिसेंबरला, शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. त्याच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला. सडेतोड यांना हे हळवेपण वाटले तर वाटो. तो परत का फिरला या प्रश्नाचे उत्तर देताना बाजाराचा हिशेब धरायचा आणि श्वासाचा धरायचा नाही, हे मला न्याय्य वाटत नाही.

चौकस :

प्रचलित मताविषयी एक निरीक्षण. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला १९९० मध्ये आणि गीतकारांच्या हॉल ऑफ फेमने १९९९ मध्ये स्थान दिले. सिनात्राच्या परंपरेतले गायक 'मॅक द नाइफ' गातात तेव्हा बहुतेकांसमोर नमुना डॅरिनचाच असतो. लोकसंगीताच्या बाजूने पाहिले तर पुढे बर्ड्स या बँडमध्ये नाव काढणारा मॅग्विन त्याच्याच साथीला गिटार वाजवत होता. कुणीच त्याला आपले मानत नाही, हे त्यामुळे फारसे खरे राहत नाही.

सडेतोड :

आपले मानणे वेगळे आणि अग्रस्थानी मानणे वेगळे. 'मॅक द नाइफ' हे त्याचे निर्विवाद शिखर आहे, आणि षड्ज यांनी सांगितल्याप्रमाणे पेटीवर वाजवून पाहिल्यावर मी ते अधिक आदराने म्हणतो. परंतु रे चार्ल्सची गाणी त्याने गायलेली तबकडी आणि खुद्द रे चार्ल्स एकापाठोपाठ ऐका. पहिल्यात कारागिरी ऐकू येते, दुसऱ्यात माणूस. डेझर्ट इनचे ध्वनिमुद्रण मी या आठवड्यात पूर्ण ऐकणार आहे. त्यातही मला कारागिरीच ऐकू आली तर इथे येऊन तसे लिहीन.

स्वरयात्री :

जरूर लिहा. फक्त ऐकताना सुरुवात 'मॅक'पासून करू नका. आधी 'सिंपल साँग' लावा आणि मग मागे या.