'मुलगे उशिराच बोलतात' हे अजून किती दिवस ऐकायचं?

कृष्णाकाठ: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'मुलगे उशिराच बोलतात, आमच्या घराण्यात सगळेच तसे. डॉक्टर उगाच घाबरवतात.' खाली अंगठ्यांची रांग. राहवेना म्हणून लिहितेय.

आमच्या सासूबाई हेच म्हणायच्या. हेही म्हणे चौथ्या वर्षापर्यंत बोलत नव्हते. जिभेला वेखंड लावून झालं, कुलदेवीला नवस झाला. दार आपटलं की लेक वळून बघायचा, म्हणून ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो. साडेतीन वर्षांचा असताना बेरा (कानाची तपासणी) केली, दोन्ही कान जवळजवळ बंद. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, केंद्राची योजना आहे, वांद्र्याची अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची संस्था ती बघते. पण जन्मतः बहिऱ्या मुलांना वयाची अट पाच वर्षांपर्यंतची. कागदपत्रं गोळा करताना माझा जीव टांगणीला लागला होता. आज तो बोलतो. पण ती साडेतीन वर्षं मेंदूला आवाजच मिळाला नाही, ती कुठून आणू?

माणदेशी: म्हणजे सगळं खापर सासूवर! माझ्या बहिणीची मुलगी फाटक्या ओठाची. 'ग्रहणात भाजी चिरली' म्हणाले सगळे. पण ऑपरेशन होईतो चमच्याचमच्याने दूध आजीनेच पाजलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत इंग्रजी नाव सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. ज्याचं बोलणं कळतं त्याच्याकडेच आईबाप जाणार.

कृष्णाकाठ: आणि चिरल्याचा ठपका कुणावर? तुमच्या बहिणीवरच ना? विचारा तिला, अजून मनात आहे का.

श्रवणतज्ज्ञ: बाळाचे कान महिन्याच्या आत तपासावेत, तीन महिन्यांत निदान व्हावं, सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत. कृष्णाकाठ, घरात नात्यातलं लग्न आहे का? नवरा-बायको दोघांकडे बहिरेपणाचं एकच सदोष जनुक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं होण्याचा चारात एक धोका असतो.

माणदेशी: आता मामाची पोरगी करण्यावर घसरलात! माझे आईवडील आते-मामे भावंडं. आम्ही पाचही जण धडधाकट.

श्रवणतज्ज्ञ: बहुतेक मुलं धडधाकटच होतात, नाकारत नाही. माझ्याकडे येतात ती उरलेली.

माणदेशी: शिकलेल्या माणसांना आमची नातीच खुपतात. जमीन घरात राहते, लेक ओळखीच्या घरी जाते, हे तुम्हाला दिसणार नाही.

कृष्णाकाठ: आमच्याकडे नात्यात लग्न नाही. तरी मूल बहिरं झालं. आता तरी हा विषय सोडा!

कोथरूडकर: सोडू नका, पण शहराचंही ऐका. आमच्या सोसायटीत वेखंड नाही, तिथे 'मोबाईल बंद करा, बोलेल' आहे. भाच्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. मेहुण्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र काढू दिलं नाही, का तर थोरल्या मुलीचं लग्न अडेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण कागद नसेल तर सवलत कशी मिळणार?

माणदेशी: कान तपासायला माझी ना नाही, तेवढं लिहून घ्या. पण तपासणीची चिठ्ठी देताना आजीलाही समोर बसवा. घरात तिचाच शब्द चालतो, आणि तिला आजवर कुणी काही समजावलेलंच नाही.

श्रवणतज्ज्ञ: हे मात्र खरं. मी आजवर आईशीच बोलत आलो.

कृष्णाकाठ: मला समजावलं होतं. घरात माझं ऐकलं कुणी?