खारफुटीच्या पानांतील जस्त एकदम तिप्पट कसे झाले? मदत हवी आहे

खाडीकाठचा
नमस्कार. मी वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात असून प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा आहे. खंभातच्या आखाताकाठी कांबोईच्या बाजूला एकाच ठिकाणाहून दोन खेपा नमुने आणले. शिसे आणि तांबे यांचे आकडे दोन्ही खेपांना जवळपास सारखे आले, पण पानांतील जस्त दुसऱ्या खेपेस जवळजवळ तिप्पट दिसते आहे. गाळातील जस्त मात्र तेवढेच आहे. मार्गदर्शक म्हणतात की पुन्हा मोजा. यंत्राची पाळी पुढच्या आठवड्यात एकदाच मिळणार आहे. चूक कुठे असू शकेल, हे कृपया लवकर सांगावे.

मांडवीकर
आपण वनस्पतीचे नावच लिहिलेले नाही. खारफुटी म्हणजे एक झाड नव्हे; कांदळ, चिप्पी, काजळा, तिवर, मारांडी या सर्वांचे मिठाशी वागणे निरनिराळे आहे आणि धातूंच्या बाबतीतही तोच फरक पुढे येतो. शिवाय आकडे ओल्या वजनावर आहेत की कोरड्या, पाने कोवळी होती की जून, हेही कळल्याखेरीज काही सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

निवृत्त रसायनशिक्षक
तीस वर्षे प्रयोगशाळेत काढल्यानंतर माझे एक ठाम मत झाले आहे, की जस्ताचा आकडा अचानक वाढला तर झाडाकडे नव्हे, स्वतःच्या हातांकडे पाहावे. रबर तयार करताना झिंक ऑक्साइड वापरतात, त्यामुळे रबरी हातमोजे, बुचे आणि नळ्या यांतून जस्त नमुन्यात उतरते. शिसे आणि तांबे स्थिर राहून फक्त जस्तच वाढले, हे लक्षण त्यालाच जुळते. हातमोजे कोणते वापरलेत आणि कोरा नमुना (पान न घालता बाकी सारे तसेच केलेला) प्रत्येक खेपेबरोबर चालवला होता का?

खाडीकाठचा
वनस्पती अर्थातच तिवर, म्हणजे इथले लोक ज्याला चेर म्हणतात ते. त्या चिखलात दुसरे काय मिळणार? वजन कोरडे आहे. सर, कोरे नमुने दोन्ही खेपांना स्वच्छ आले आणि हातमोजे एकाच खोक्यातले होते. धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित पानांच्या भुकटीचे आकडेही जुळले. त्यामुळे प्रयोगशाळेचा दोष वाटत नाही.

हिरवी वाट
माझ्या मते आपण मूळ प्रश्नच चुकीचा धरला आहे. तिवर हे झाड विष शोषून घेते, म्हणून पानांत जस्त वाढणारच. ती तर आनंदाची गोष्ट आहे. जमीन स्वच्छ करायची असेल तर मात्र वाळा लावावा. मी आमच्या शेताच्या बांधावर वाळा लावला असून त्याची मुळे फार खोल जातात. सूर्यफूलही चांगले.

चिखलपाय
जमीन स्वच्छ कशी करावी हे कोणी विचारलेले नाही, आणि दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी चढणाऱ्या गाळात बांधावरचा वाळा काय करणार, हेही समजत नाही. मुख्य म्हणजे तिवर सारे शोषून घेते हे खरे नाही. ते बहुतेक धातू मुळाशीच अडवते. प्राणवायू नसलेल्या गाळात धातूंचा गंधकाशी संयोग होऊन न विरघळणारी सल्फाइडे बनतात, म्हणजे अर्धा बंदोबस्त मुळापर्यंत पोहोचण्याआधीच होतो. जे विरघळलेले उरते त्याला पुढची चौकी लागते: वर उभ्या असलेल्या श्वसनमुळांतून खाली आलेला प्राणवायू बारीक मुळांतून बाहेर झिरपतो, आसपासच्या पाण्यातील लोहाला गंज चढतो आणि मुळांवर तांबूस कवच बसते. शिसे, आर्सेनिक, काही अंशी जस्तही त्या कवचाला चिकटून राहते. त्याच्याही आत कॅस्पेरियन पट्टीचा, म्हणजे मुळातील पेशींच्या भिंतींवरच्या मेणचट पट्ट्याचा, अडसर असतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी मुळांपेक्षा पानांत शिसे कितीतरी कमी सापडते. अतिसंचयी वनस्पती, म्हणजे पानांत धातू प्रचंड साठवणारी, हा शब्द जस्तासाठी वापरायचा तर आता पानाच्या दर किलो कोरड्या वजनात ३,००० मिलिग्रॅमची अट धरतात, पूर्वी ती १०,००० होती. तिवर त्या पंक्तीत बसत नाही.

हिरवी वाट
मग झाड मरत का नाही, याचे उत्तर द्या. काहीतरी शोषल्याशिवाय सहनशक्ती कशी येणार?

निवृत्त रसायनशिक्षक
ते उत्तर १९८५ सालीच मिळाले आहे. ग्रिल, विन्नाकर आणि झेंक यांनी वनस्पतींच्या पेशींतून फायटोकेलेटिन नावाची लहान प्रथिनसदृश साखळी वेगळी काढली. ग्लुटाथायोन या पेशीतील गंधकयुक्त रेणूपासून ती तयार होते, गंधकाच्या टोकांनी धातूला पकडते आणि त्याला रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीत, नेऊन ठेवते. जस्ताचेही तसेच होत असणार.

चिखलपाय
सर, कॅडमियमच्या बाबतीत आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. जस्त मात्र झाडाला स्वतःलाच हवे असते, त्यामुळे ते फायटोकेलेटिनच्या पकडीत फारसे अडकून पडत नाही. जास्तीचे जस्त बहुतेक सेंद्रिय आम्लांबरोबर रिक्तिकेत जाते. कॅडमियमची आणखी एक खोड म्हणजे खारे पाणी मिळाले की त्याचे क्लोराइडशी संयुग बनते आणि ते गाळातून सहज सुटते. म्हणून खाऱ्या जमिनीतील कॅडमियमला गोड्या जमिनीचे नियम लावणे धोक्याचे असते.

दांडिया बाजार
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, खाडीकाठी उगवणाऱ्या मोरसाची भाजी खावी का? आमच्या आत्या कोकणातून वर्षातून एकदा आणत असत. आणि कच्छचे खाराई उंट तर पोहत जाऊन चेर खातात, त्यांचे काय होत असेल?

मांडवीकर
उंटांचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, कारण पानात चढलेला धातू पुढे दुधात आणि मांसात जाऊ शकतो. पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. भाजीबाबत इतकेच सांगतो की सांडपाण्याच्या नाल्याजवळचा मोरस कोणीही खाऊ नये. मूळ प्रश्नाकडे वळतो. दोन्ही खेपा कोणत्या महिन्यांत झाल्या आणि पाने धुतली होती का? या दोन गोष्टी आपण अजून सांगितलेल्या नाहीत.

खाडीकाठचा
पहिली खेप सप्टेंबरमध्ये, पाऊस ओसरताना. मही नदीच्या गढूळ पाण्याने पाने अक्षरशः चिखलाने माखली होती, म्हणून नळाखाली तीनदा आणि नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली. दुसरी खेप फेब्रुवारीत. तेव्हा पाने स्वच्छ दिसत होती, वर फक्त मिठाचे बारीक कण चमकत होते, बोट फिरवले की खरखर लागत होती. धुण्यासारखे काही वाटले नाही म्हणून तशीच वाळवून दळली. त्याचा इतका फरक पडतो का?

चिखलपाय
हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर आपले चार दिवस वाचले असते. तिवर मीठ पानावरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकते, आणि त्याच दाराने जस्तही बाहेर पडते. मॅकफार्लेन आणि बर्चेट यांनी २००० साली ऑस्ट्रेलियातील याच जातीच्या पानांत हे दाखवले होते. शिसे मात्र या मार्गाने निघताना त्यांना दिसले नाही. आपले शिसे जागेवर राहून जस्त चढले, हे चित्र त्याच्याशी जुळते. आपण सप्टेंबरात झाडाने बाहेर टाकलेले जस्त नळाखाली वाहून घालवले आणि फेब्रुवारीत तेच मिठासकट दळून मोजले.

निवृत्त रसायनशिक्षक
शक्यता मी नाकारत नाही. पण पानावरचे जस्त ग्रंथीतूनच आले हे कशावरून? धूळ बसली असेल, भरतीचे शिंतोडे उडाले असतील. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरच्या घरात जाते आणि त्या पाण्याबरोबर बारीक गाळ वर चढतो. खातरजमा न करता हे प्रबंधात लिहिले तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

चिखलपाय
सरांचा आक्षेप रास्त आहे, आणि सुदैवाने तो तपासणे अवघड नाही. तिवराची पाने समोरासमोर जोडीने येतात, एका पेरावर दोन, एकाच वयाची. प्रत्येक जोडीतील एक पान धुवावे, दुसरे तसेच ठेवावे, आणि धुतलेले पाणी फेकून न देता आम्ल घालून तेही मोजावे. त्या पाण्यात ॲल्युमिनियमही मोजावे. मातीत ॲल्युमिनियम पुष्कळ असते, म्हणून गाळ बसलेला असेल तर ते भरपूर येईल, ग्रंथींचा स्राव असेल तर ते जवळजवळ येणारच नाही. आणखी खात्री हवी असल्यास संध्याकाळी काही फांद्या जागेवरच ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बांधाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पानांवर नव्याने आलेले मीठ तेवढे गोळा करावे. पाणी पोहोचणार नाही अशा उंचीच्या फांद्या निवडाव्यात. धुणे मात्र काही सेकंदांतच उरकावे, कारण पान पाण्यात भिजत ठेवले तर आतलेही पदार्थ झिरपू लागतात.

मांडवीकर
मुळांचे काय केले होते? तांबूस कवच काढले की तसेच दळले?

खाडीकाठचा
मुळे फक्त घासून धुतली होती. बारीक मुळांवर विटकरी रंगाचा थर होता आणि तो निघाला नाही, म्हणून मी त्याला मुळाचाच रंग समजलो.

मांडवीकर
मग आपल्या मुळांच्या आकड्यांत कवचाचे धातूही मिसळलेले आहेत आणि पान भागिले मूळ हे स्थानांतराचे गुणोत्तर उगीचच लहान दिसत असणार. शिल्लक मुळे ओली, गोठवलेली असतील तर लोहाचा थर विरघळवणाऱ्या डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेटच्या द्रावणाने तो उतरवून दोन्ही भाग वेगळे मोजावेत. वाळवलेली असतील तर त्यांना हात न लावता प्रबंधात तसे स्पष्ट नमूद करावे.

हिरवी वाट
वाळ्याची रोपे हवी असल्यास माझ्याकडे आहेत.

खाडीकाठचा
सर्वांचे आभार. अर्धी मुळे शीतपेटीत आहेत. सर, यंत्राची पाळी गुरुवारी आहे, म्हणून शनिवारी संध्याकाळी ओहोटीला कांबोईला जाऊन फांद्या बांधून येतो आणि रविवारी उतरवतो. नायट्राइलचे हातमोजेही नवीन घेतले आहेत. एकच शंका उरते: एका झाडावरून किती जोड्या घ्याव्यात?

चिखलपाय
झाडे वाढवा, जोड्या नव्हे. एकाच झाडावरच्या वीस जोड्यांपेक्षा दहा झाडांवरच्या दोन-दोन जोड्या घ्याव्यात. वरून तिसऱ्या पेरावरचीच पाने घ्यावीत, आणि सावलीच्या बाजूची व उन्हाच्या बाजूची यांची सरमिसळ करू नये.